तो वास दारूचा नव्हता

पेणला डॉक्टर गांगलांच्या दवाखान्यात एस्थर पेणकर ही सगळ्यात जुनी सिस्टर. अंगाने किरकोळ, बोलायला फटकळ, पण हात असा हलका की शीर सापडत नसलेली म्हातारी माणसं 'एस्थरबायलाच बोलवा' म्हणून हटून बसायची. तिच्या लहानपणी आळीत इस्राएल लोकांची, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची, घरं एकाला एक लागून होती. एकेका घराला कुलूप लागलं आणि माणसं इस्राएलला गेली. भाऊ नथानियलही गेला, अश्दोदच्या बंदरात कामाला लागला. दर सणाला त्याचा फोन यायचा, 'या आता तुम्ही दोघं.' पण म्हातारा एलियास ऐकायचा नाही. 'तुझी आई इथल्या मातीत हाय, मी कुठं येऊ?' म्हणायचा. बाप हलत नाही म्हणून लेकही हलली नाही. लग्नाचं असंच राहून गेलं होतं.

त्र्याण्णव सालच्या गणपतीच्या आधीची गोष्ट. जोहे, हमरापूर, त्या सगळ्या पट्ट्यात मूर्तींच्या कारखान्यांना उसंत नव्हती. अशात एका सकाळी जोह्याचा गोविंदा म्हात्रे आपल्या मुलाला रिक्षात आडवं घालून घेऊन आला. बरोबर बायको शांती. मुलाचं नाव साईराज, नुकतीच मिसरूड फुटलेली. गोविंदाची भातशेती होती, पावसाळा संपला की वाल. पण पोराला मातीपेक्षा रंगाचा नाद. शेजारच्या कारखान्यात तो मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करायचा. असा हात गावात दोघातिघांनाच असतो. डोळा चुकला तर सगळी मूर्ती फुकट.

"पोटात दुखतंय, उलट्या थांबत नाय," गोविंदा सांगत होता. "महिनाभर नुसतं पाणी पितोय. हंडा पुरत नाय त्याला. आणि वाळत चाललाय. लोक म्हणतात रंगाचा वास बाधला."

एस्थर त्याच्यावर वाकली. पोराचे ओठ सुकून पापुद्रे सुटले होते, डोळे खोल गेले होते, आणि श्वास लांब, खोल, धापेसारखा चालला होता, जसा काही तो पडल्या पडल्या डोंगर चढत होता. त्या श्वासाला एक गोडसर, नासक्या फळासारखा दर्प होता. तिने वर बघितलं तेव्हा डॉक्टर दारात आलेच होते. त्यांनी तो श्वास दुरूनच ओळखला.

"दोन्ही हातांना सलाईन लावा सिस्टर. लघवी आणि रक्त लगेच तपासायला पाठवा. साखर आहे ही."

"साखर? या वयात?" गोविंदा म्हणाला. त्याच्या लेखी साखरेचा आजार म्हणजे सुटलेल्या पोटाच्या शेठजींना होणारी गोष्ट.

तो सगळा दिवस एस्थर त्या खाटेपासून हलली नाही. सलाईन भराभर सोडायचं, पण छातीत पाणी भरत नाही ना ते बघायचं. इन्सुलिन द्यायचं आणि तासातासाला साखर बघायची. लघवी किती होते ते मोजायचं. इन्सुलिनने रक्तातलं पोटॅशियम एकदम खाली येतं आणि हृदय अडखळतं, म्हणून नाडीवरचं बोट काढायचं नाही. साखर उतरली की आनंदून इन्सुलिन बंद करायचं नाही. उलट सलाईनमधून थोडी साखर देत ते चालूच ठेवायचं, कारण रक्तातलं आम्ल अजून गेलेलं नसतं. आणि मधून मधून पोराला हाक मारायची. हाकेला ओ मिळाली की पुढचं काम.

शांती पायथ्याशी उभी होती. तिला कोणीतरी काहीतरी सांगायला हवं होतं. एस्थर तिला म्हणाली, "वहिनी, ओली लाकडं चुलीत सारली की काय होतं?"

"धूर कोंडतो."

"तसंच झालंय याचं. साखर रक्तात आहे, पण इन्सुलिन नाही म्हणून ती अंगाला लागत नाही. मग शरीर आपलीच चरबी जाळतं, आणि तिचा धूर कोंडतो. तो धूर म्हणजे आम्ल. ते बाहेर टाकायला हा असा श्वास घेतोय. इकडे या, वास बघा." तिने शांतीचं डोकं हलकेच मुलाच्या तोंडाशी नेलं. "हा वास लक्षात ठेवा. पुन्हा कधी आला तर हातातलं काम टाकून इथं आणायचं."

शांतीने वास घेतला आणि मान हलवली. गोविंदा तेव्हा बाहेर रिक्षावाल्याशी बोलत होता.

साईराज वाचला. दुसऱ्या सकाळी त्याने पेज मागितली. पुढे त्याला सुई कशी घ्यायची हे एस्थरनेच शिकवलं. आधी संत्र्यावर, मग मांडीवर. काचेची सिरिंज उकळायची, इन्सुलिनची बाटली ओल्या वाळूच्या मडक्यात ठेवायची. लघवी घरच्या घरी तपासायलाही शिकवलं. परीक्षानळीत निळं औषध घ्यायचं, लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळंच राहिलं तर बरं. हिरवं, पिवळं, केशरी, शेवटी विटकरी; तितकी साखर जास्त.

हे मात्र साईराजला मनापासून आवडलं. इतर पेशंट 'थोडं पिवळट झालं' म्हणून सांगायचे, हा रंगारी.

"आज पितांबराचा पिवळा आला शिष्टर," तो पुढच्या खेपेला म्हणाला. "परवा शेंदरी होता. लग्नाला गेलतो ना हमरापूरला."

"आणि जिलबी खाल्लीस."

"दोनच."

"सुई चुकवलीस?"

"नाय. सुई नाय चुकवत."

एस्थरने त्याच्याकडून एकच गोष्ट घोकवून घेतली होती. ताप आला, उलटी झाली, जेवण गेलं नाही, तरी सुई बंद करायची नाही. आजारपणात साखर वाढते, कमी होत नाही. पोटात अन्न नाही म्हणून सुई नको, असं मनानेच ठरवायचं नाही. पाणी पीत राहायचं आणि सरळ दवाखाना गाठायचा. साईराज हसत हसत ते म्हणून दाखवायचा, शाळेतल्या कवितेसारखं.

दोन वर्षं बरी गेली. पोराच्या अंगावर मांस आलं. मग त्याच्या डोक्यात कंपनी शिरली. गावातला काळुराम साईराजच्या आजाराआधीपासूनच रोह्याजवळ धाटावला केमिकल कंपनीत होता, महिन्याच्या महिन्याला पगार, अंगावर गणवेश. गोविंदालाही ते पटलं. आखणीचं काम हंगामी, उद्या नजर गेली तर काय? साईराज रोह्याला काळुरामच्या खोलीत राहायला गेला.

जायच्या आधी औषधाच्या बाटल्या न्यायला आला तेव्हा एस्थरने विचारलं, "कंपनीत सांगितलंस का?"

"आजारी माणसाला ठेवतात होय शिष्टर? अजून तर रोजावरच हाय मी."

"मग खोलीतल्या त्या काळुरामला तरी सांग. तुला काही झालं तर त्याला कळायला हवं."

"सांगतो," तो म्हणाला. आणि सांगितलं नाही. काळुरामची शिफ्ट असली की हा खोलीत सुई घ्यायचा, सिरिंज कपड्यांच्या पेटीत. सगळ्यांमधला एक होऊन राहायचं होतं त्याला, एवढंच.

पुढे काय झालं ते एस्थरला तुकड्या तुकड्यांनी कळलं. थोडं काळुरामकडून, बाकीचं शांतीकडून.

शिमग्याच्या सुमारास साईराजला कंपनीच्या नव्या बुटांनी टाच कापली. जखम चिघळली, ताप आला, तोंडाची चव गेली. जेवण जाईना. आणि घोकलेलं सगळं डोक्यात असूनही, तापात पडलेल्या पोराने तेच केलं जे जगातली निम्मी माणसं करतात. पोटात अन्न नाही तर सुई कशाला, म्हणून राहिला. आज नको, उद्या जेवलो की घेऊ. उद्या जेवणाऐवजी उलटी झाली.

होळीच्या दिवशी कंपनीला सुट्टी. खोलीवर पोरं जमली, बाटल्या आल्या. साईराज कोपऱ्यात भिंतीला टेकून पाणी पीत बसला होता. धुळवडीच्या सकाळी तो उठायला गेला तर झोकांड्या जायला लागल्या, बोलणं जड झालं, ओकारी आली. काळुरामने जवळ जाऊन वास घेतला आणि मोठ्याने हसला. "आयला, कोपऱ्यात बसून कधी मारलीस रे? आणि कुठली मारलीस, वास तर विलायती येतोय!"

साईराज म्हणाला, "घरी ने." म्हणून काळुरामने त्याला पॅसेंजरमध्ये बसवलं आणि स्वतः बरोबर निघाला. डब्यात बायका पदर नाकाला लावून उठून गेल्या. एक म्हातारा म्हणाला, सणाची तरी शरम ठेवा. नागोठणं गेलं, पेण आलं. पेणला गाडी नेहमीसारखी थांबली. दवाखाना तिथून हाकेच्या अंतरावर. साईराजने खिडकीचा गज धरून उठायचा प्रयत्न केला होता, असं काळुराम नंतर सांगायचा आणि सांगताना रडायचा. तेव्हा त्याने दोस्ताला खांद्याला धरून खाली बसवलं. "अरे थांब, जिते नाय आलं अजून."

जित्याला उतरून रिक्षा करून ते जोह्यात आले, तेव्हा सगळं गाव धुळवडीच्या रंगात न्हाऊन रस्त्यावर उभं होतं. आणि त्या सगळ्यांच्या देखत गोविंदाचा पोरगा रिक्षातून उतरला तो लटपटत, ओकत, काळुरामच्या गळ्यात पडून.

गोविंदाच्या बापाने दारूपायी शेताचे तुकडे करून टाकले होते. आईला त्याने कोणाकोणाच्या अंगणात नाचणी दळताना बघितलं होतं. म्हणून गोविंदाने जन्मात थेंब घेतला नव्हता, आणि दारुड्याला तो आपल्या खळ्यात पाऊल ठेवू देत नसे. हे गावाला ठाऊक होतं, म्हणूनच गाव टक लावून बघत होतं. कोणीतरी मागून म्हणालं, "आज्यावर गेला." गोविंदा पुढे झाला आणि त्याने मुलाच्या थोबाडीत मारली. पोर खाली बसलं. त्याने 'बाबा, पाणी' म्हटलं.

"पाणी कशाला? तीच ढोस," गोविंदा म्हणाला. त्याने त्याला बखोट धरून खळ्याच्या कडेला पेंढा साठवायच्या मांगरात नेऊन टाकलं. "उतरू दे. उतरल्याशिवाय घरात पाय ठेवायचा नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी शांतीने मांगराचं दार उघडलं तेव्हा साईराज हाकेला ओ देत नव्हता.

दवाखान्यात आणला तेव्हा एस्थर ड्युटीवर नुकतीच आली होती. तिने पर्ससुद्धा खाली ठेवली नाही. तो श्वास, तो दर्प, आणि गालावर उठलेली बोटं. शुद्ध नव्हती. नाडी दोऱ्यासारखी. शीर सापडेना, अंगातलं पाणीच आटलं होतं तर शिरा कुठून फुगणार. तिने घोट्याजवळ शीर शोधली, डॉक्टरांनी मानेत सुई घातली. सलाईन, इन्सुलिन, जखमेसाठी अँटिबायोटिक. नाकातून नळी घालून पोट रिकामं केलं, म्हणजे ओकारी फुप्फुसात जाऊ नये. ज्या गोष्टी त्या पहिल्या वेळी केल्या होत्या त्या सगळ्या केल्या, त्याच क्रमाने, तितक्याच काळजीने. डॉक्टर गांगलांनी मुंबईला फोन लावून तिथल्या मोठ्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, तुम्ही करताय तेच बरोबर आहे, आणि या अवस्थेत गाडीत घालू नका.

दुपारच्या जेवणाच्या वेळेला साखर उतरायला लागली. लघवी झाली. श्वासाचा तो धापेसारखा जोर ओसरला. दारात उभ्या गोविंदाने ते बघितलं आणि पहिल्यांदा तोंड उघडलं.

"शांत झोपलाय नाय शिष्टर?"

एस्थर श्वास मोजत होती. श्वास शांत झाला होता, पण जास्तच शांत. रक्तातलं आम्ल इतक्या लवकर जाण्यासारखं नव्हतं, मग श्वासाला उसंत कशी मिळाली? ती पुढे झाली आणि मोठ्याने हाक मारली. "साईराज! ए साईराज!" छातीच्या हाडावर मूठ घासली. हात हलला नाही. तिने पापण्या उघडून बॅटरी मारली. एक बाहुली आकसली, दुसरी मोठीच राहिली.

"डॉक्टर!"

मेंदूला सूज आली होती. अशा पोरांना ती कधी कधी येते, सगळं नीट चाललेलं असताना. मॅनिटॉल सोडलं, डोकं उंच केलं, श्वास थांबला तेव्हा एस्थरने तोंडावर मास्क धरून फुगा दाबायला सुरुवात केली. दाबत राहिली. हात भरून आले तेव्हा वॉर्डबॉयने घ्यायला हात पुढे केला, तिने मानेनेच नाही म्हटलं. शेवटी डॉक्टरांनी तिच्या मनगटावर हात ठेवला.

"सिस्टर, राहू दे."

शांती खाटेच्या दांडीला धरून खाली बसली.  गोविंदा उभाच होता. त्याने आपला उजवा हात डाव्या हाताने मनगटाशी घट्ट आवळून धरला होता, जसा दुसऱ्या कोणाचा हात धरावा.

"शिष्टर," तो म्हणाला. "काल आनला असता तर?"

डॉक्टर तिच्या मागेच होते. एस्थरला त्यांचा श्वास ऐकू येत होता. तिने गोविंदाच्या त्या हाताकडे बघितलं.

"नाय दादा," ती म्हणाली. "काल आणला असता तरी हेच झालं असतं. रोह्यालाच हाताबाहेर गेलेलं होतं. तुमच्या हातात काही नव्हतं."

"खरं?"

"खरं."

डॉक्टर हात धुवायला निघून गेले.

संध्याकाळी घरी आल्यावर एलियासने विचारलं, "चेहरा का असा?" तिने सगळं सांगितलं आणि म्हणाली, "आज खोटं बोलले बाबा. मेलेल्या पोराच्या बापाशी." म्हाताऱ्याने तिच्या हातातली पर्स घेऊन खुंटीला अडकवली. मग म्हणाला, "बरं केलंस का वाईट, मला नाय सांगता येत. पण आता ते पोसावं लागेल तुला." आणि दिव्याची वात खाली करून आत गेला.

तेरावं झाल्यावर एस्थर एसटीने जोह्याला गेली. गोविंदा शेतावर होता. शांती ओटीवर वालाच्या शेंगा सोलत बसली होती. तिने पाट दिला, पाणी दिलं, आणि पुन्हा शेंगा हातात घेतल्या.

"मना वास कळला होता," ती एकदम म्हणाली.

एस्थरने पाण्याचं भांडं खाली ठेवलं.

"तुमी माझं नाक लावून दाखवला होतात ना, तोच. हा आला नि माझ्याजवळनं गेला तेवढ्यात कळला. मी म्हटलं, ओ, हा दारूचा वास नाय. तर म्हणाले, तू गप, पोराला पाठीशी घालू नको, आजीनं पाठीशी घालूनच माझा बा बिघडला. सगळा गाव बघत होता. मी गप बसले. मनाशी म्हटलं, राग उतरला की सांगू. संध्याकाळी भाकऱ्या केल्या. त्यांना वाढलं. तरी सांगितलं नाय. मांगराच्या दाराशी जाऊन आले, आतून श्वास ऐकू येत होता. म्हटलं झोपलाय." तिने शेंग सोलली, दाणे टोपलीत टाकले. "आता तुमी खरं सांगा शिष्टरबाय. मना खोटं नको. त्याच दिवशी आनला असता तर?"

 अंगणात कोंबड्या टरफलं टोचत होत्या.

"खात्री कोणीच देऊ शकत नाही वहिनी. ती मेंदूची सूज तेव्हाही आली असती कदाचित. पण..." ती थांबली. "पण आशा पुष्कळ होती."

शांतीने मान हलवली, जसं काही बाजारभाव ऐकला.

"त्यांना सांगू नका. त्यांना कळलं तर ते हीर जवळ करतील, जीव देतील. रोज येईल त्याला सांगत असतात, रोह्यालाच हाताबाहेर गेलेलं, शिष्टर म्हणाल्या. मी पण व्हय म्हणते. माझं काय, मी हाय."

परतीच्या एसटीत एस्थरला वाटत राहिलं, एकाच्या उरावरचा दगड उचलून आपण तो दुसरीच्या उरावर ठेवून आलो.

त्यानंतर गोविंदा पेणला बाजाराला आला की दवाखान्यात डोकवायचा. कधी तोंडली आणायचा, कधी वाल. पायरीखाली चपला काढून उभा राहायचा आणि इकडचं तिकडचं बोलून झालं की हळूच विचारायचा, "शिष्टर, म्हणजे उशीर झालेलाच होता ना तवा?"

"झालाच होता दादा."

"नाय, आपला विचारला."

पाऊस गेला, भातं कापली, पुन्हा वाल पेरले गेले, आणि त्याचं विचारणं चालूच राहिलं. एस्थरचं उत्तरही ठरलेलं. त्याला ते उत्तर आठवडाभर पुरायचं बहुतेक, औषधाच्या गोळीसारखं.

पुढच्या वर्षी दवाखान्यात सुरभी नावाची नवी सिस्टर आली. अलिबागला शिकलेली, चुणचुणीत, प्रत्येक गोष्ट विचारून घेणारी. एस्थरने ठरवलंच होतं की हा आजार येणाऱ्या प्रत्येक पोरीच्या डोक्यात पक्का बसवायचा. त्या दिवशी वॉर्डात वडखळची एक बाई होती, साखरेचीच, पहिल्या वेळच्या साईराजसारखी. एस्थरने सुरभीला तिच्याजवळ नेलं.

"वास घे. काय वाटतं?"

"दारूसारखा... नाही, फळासारखा."

"लोकांना तो दारूचा वाटतो. माणूस झोकांड्या खातो, बोलताना अडखळतो, ओकतो. आणि लोक म्हणतात प्यायलाय, झोपू दे. ही झोप म्हणजे घात. काय करायचं पहिलं?"

सुरभीने भराभर सांगितलं. सलाईन, इन्सुलिन, पोटॅशियम, शुद्धीवर नजर, साखर उतरली तरी इन्सुलिन थांबवायचं नाही. एस्थरला बरं वाटलं. मग त्या पोरीने विचारलं, "पण सिस्टर, वाचतात ना हे?"

"वेळेत आले तर बहुतेक वाचतात," एस्थर म्हणाली. "तरुण पोरं तर वाचतातच. एक दिवस वाया घालवला की मात्र..."

सुरभीचे डोळे तिच्या खांद्यावरून दाराकडे गेले होते. एस्थर वळली.

गोविंदा दारात उभा होता. हातात तोंडल्यांची पिशवी. किती वेळ उभा होता कोणास ठाऊक. त्याने पिशवी हळूच उंबऱ्याशी ठेवली आणि तो वळून पायऱ्या उतरला. चपला घालायच्याही राहिल्या.

एस्थर त्याच्या चपला घेऊन मागे धावली. स्टँडवर, जोह्याच्या गाडीच्या रांगेत तो सापडला. तिने चपला त्याच्या पायाशी ठेवल्या. तिला धाप लागली होती.

"दादा, ते मी तिला शिकवत होते. प्रत्येकाचं वेगळं असतं. साईराजचं..."

"बरं शिकवता तुमी पोरींना," गोविंदा म्हणाला. त्याचा आवाज अगदी साधा होता. "शिकवा. सगळ्यांना शिकवा." त्याने एक एक पाय चपलेत घातला. "तो वास मना पण दाखवायचा होतात शिष्टर. पयल्या वेळी. मी बाहेर रिक्षावाल्याशी घासाघीस करत होतो."

गाडी लागली. लोक चढले, तोही चढला. खिडकीजवळ बसला, पण बाहेर बघितलं नाही.

तो पुन्हा दवाखान्यात आला नाही. एस्थर कितीतरी दिवस जोह्याकडून येणाऱ्या प्रत्येक पेशंटला आडून आडून विचारायची. आणि प्रत्येक जण सांगायचा, आहे, बरा आहे, शेतावर जातो. शांती भ्याली होती तसं त्याने काही केलं नाही. त्याने विहीर जवळ केली नाही. तो जगला.

भातकापणीच्या आधी शांती एकटीच आली. तिला पाठदुखीचं औषध हवं होतं. सुरभीने गोळ्या बांधून दिल्या. निघताना ती एस्थरजवळ थांबली.

"दादा कसे आहेत?" एस्थरने विचारलं.

"आता विचारत नाय ते काय," शांती म्हणाली. "आधी रोज म्हणायचे, उशीर झालेलाच होता ना गो, आणि मी व्हय म्हणायची. तेवढं तरी बोलणं व्हायचं घरात. आता त्यांना पण माहीत हाय, मना पण. दोघं समोरासमोर जेवतो नि उठतो."

एस्थरला तिचा हात धरायचा होता. पण शांतीने एका हातात गोळ्यांची पुडी धरली होती आणि दुसऱ्या हाताने पदर सावरत ती पायऱ्या उतरायला लागली होती. आतून सुरभीने हाक मारली. वडखळची ती बाई पुन्हा आली होती. दोन दिवस उपास होता म्हणून तिने सुई घेतली नव्हती.